संक्रांतीची पिकनिक भर दुपारी नको: ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या मराठी मंडळांच्या अध्यक्षांना, कमिटी मेंबर्सना, आणि पिकनिक, स्पोर्ट्स डे, क्रिकेट टुर्नामेंट उभं करणाऱ्या व्हॉलंटियर्सना नमस्कार.

मी ब्रिस्बेनजवळ एका स्किन कॅन्सर क्लिनिकमध्ये नर्स आहे, मूळची सांगली जिल्ह्यातली. मंडळाच्या कार्यक्रमांना येते, कधी रांगोळीला असते कधी किचनमध्ये, त्यामुळे तुम्ही नोकरी आणि पोरंबाळं सांभाळून किती राबता ते मला चांगलं माहितीये. हे पत्र कोणा एका मंडळाबद्दल नाही. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आता ठरेल, पार्क आणि हॉल बुक होतील, आणि एकदा बुकिंग झालं की मग कोणी वेळ बदलत नाही, म्हणून आत्ताच लिहितेय.

आधी मागणी सांगते, कारणं नंतर. जानेवारीतली संक्रांतीची पिकनिक साडेदहा ते तीन ठेवू नका. एकतर सकाळी लवकर आटपा नाहीतर दुपारी उशिरा सुरू करा. ब्रिस्बेनला जानेवारीत चार-सव्वाचार झाले की यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या यूव्ही किरणांचा जोर सांगणारा आकडा, तीनच्या खाली यायला लागतो आणि अंधार पडायला तरी पावणेसात होतात, म्हणजे तिळगूळ, पतंग, हळदीकुंकू, जेवण सगळं आरामात होतं. सिडनी-मेलबर्नला डेलाइट सेव्हिंगमुळे घड्याळ तासभर पुढे असतं म्हणून तिथे हीच वेळ साधारण साडेपाचला येते, पण तिथे उजेडही साडेआठपर्यंत असतो. बाकीच्या मागण्या शेवटी लिहिते, पण त्यातली एकच मान्य करायची असेल तर ही करा.

आता कारण. आपण सगळे उन्हात वाढलेली माणसं आहोत. जळगाव, अकोला, चंद्रपूरकडची माणसं तर इथल्या समरला हसतात, पस्तीस डिग्रीला काय ऊन म्हणायचं, आम्ही पंचेचाळीस बघितलेत. पण आपण ऊन मोजतो ते चटक्यावर आणि घामावर, आणि कातडीचं नुकसान करणारे यूव्ही किरण ना गरम लागतात ना दिसतात. ब्रिस्बेनला जानेवारीत समुद्राचा छान वारा सुटलाय, टेंपरेचर सव्वीस-सत्तावीस आहे, अर्धं आभाळ ढगाळ आहे, आणि यूव्ही इंडेक्स बारा! हे इथे अगदी कॉमन आहे. ऑस्ट्रेलियात तीनच्या वर गेलं की काळजी घ्या असं सांगतात आणि अकराच्या वर एक्स्ट्रीम म्हणतात, यावरून बारा म्हणजे काय ते लक्षात घ्या. शिवाय आपल्या संक्रांतीच्या थोडं आधीच, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. जुलैच्या मानाने तेव्हा सूर्याकडून साधारण सात टक्के जास्त ऊर्जा येते, आणि ती दक्षिण गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात येते. इथली हवा स्वच्छ, धूळ-धूर कमी, त्यामुळे अडवायलाही काही नाही.

महाराष्ट्रातही एप्रिल-मेमध्ये यूव्ही इंडेक्स अकरा-बारापर्यंत जातो, हे खरंय. मग लोक विचारतात, तिकडे कोणाला काय झालं? पण तिकडे मे महिन्यात अकरा ते तीन मैदानात पिकनिक कोण करतं? दुपारी माणसं घरात असतात, दुकानं सुद्धा अर्धी शटर ओढून. शेतात जाणाऱ्या बायका बघा, डोक्यावर पदर, त्यावर टॉवेल बांधलेला, आणि लुगड्यावरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घातलेला. माझी आजी आयुष्यभर असंच शेतात गेली. पुरुषांच्या डोक्याला फेटा, पागोटं नाहीतर टोपी आणि खांद्यावर उपरणं. पुण्यात मुली स्कूटरवर बसताना डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळतात आणि हातात कोपरापर्यंत मोजे घालतात. आपल्याकडे उन्हापासून लांब राहायची पक्की सवय होती आणि ती कोणी कॅन्सरच्या भीतीने लावलेली नव्हती. इथे आलो आणि ती सवय आपण टाकून दिली. इथे आपण सिंगलेट आणि शॉर्ट्सवर बीचला जातो, इथले गोरे करतात तसं, पण त्यातल्याच ज्यांना कळलंय ते लाँग स्लीव्ह रॅशी, म्हणजे पोहताना घालायचा अंगाबरोबरचा शर्ट, आणि कानाच्या खालपर्यंत येणारी टोपी घालून फिरतात ते आपण बघत नाही.

या देशाने हे फार पैसे आणि फार माणसं घालवून शिकलंय. मेलानोमा, म्हणजे स्किन कॅन्सरचा एक घातक प्रकार, त्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांमध्ये ऑस्ट्रेलिया वर आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड सगळ्यात पुढे. इथल्या दर तीन माणसांमागे दोघांना आयुष्यात कधीतरी कुठला ना कुठला स्किन कॅन्सर निघतो. १९८१ मध्ये सीगलचं कार्टून घेऊन स्लिप-स्लॉप-स्लॅपची मोहीम सुरू झाली, शर्ट चढवा, सनस्क्रीन थापा, टोपी घाला, आणि २००७ मध्ये त्यात सावली शोधा आणि गॉगल लावा हे पण आलं. त्याच्याच जोरावर शाळांमध्ये टोपी नाही तर ग्राउंडवर खेळ नाही हा नियम आहे. आपली मुलं सोमवार ते शुक्रवार तो नियम पाळतात, आणि शनिवारी मंडळाच्या स्पोर्ट्स डेला तीच मुलं उघड्या डोक्याने चार तास पळतात, कारण आईबाबा म्हणतात राहू दे रे, आपल्याला काही होत नाही.

‘आपल्याला काही होत नाही’ यात खरं किती आणि खोटं किती ते नीट सांगते, कारण घाबरवायचं म्हणून मी काहीही सांगणार नाही. गव्हाळ, सावळ्या, काळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त असतं आणि ते खरंच संरक्षण देतं. गडद काळ्या त्वचेचं स्वतःचं एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनच्या डब्यावर असतो तो संरक्षणाचा आकडा, साधारण तेराच्या आसपास मोजलं गेलंय, गोऱ्यांचं तीन-साडेतीन. आपण मधे कुठेतरी. त्यामुळे आपल्याला स्किन कॅन्सर व्हायची शक्यता गोऱ्या ऑस्ट्रेलियन माणसापेक्षा खूपच कमी आहे, हे अगदी खरं. पण आपण म्हणजे काही एकच रंग नाही. मंडळाच्या एका फोटोत घारे-गोरे पण दिसतात आणि चांगले काळेसावळे पण. आणि आता बऱ्याच घरांमध्ये सून किंवा जावई इथला आहे, त्यांची पोरं आजीआजोबांच्या कातडीवर गेलेली नाहीत, त्यांना दहा-पंधरा मिनिटांत ऊन लागतं. कोड असलेल्यांच्या पांढऱ्या डागावर मेलॅनिनच नसतं, तो भाग लगेच भाजतो. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्याला तर स्किन कॅन्सरचा धोका कित्येक पट असतो आणि असे पेशंट आपल्या मंडळात आहेत. अल्बिनिझम, म्हणजे जन्मापासूनच कातडीत रंग नसणं, असलेल्यांना तर पूर्ण झाकूनच राहावं लागतं.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याला होत नाही म्हणून आपण बघत नाही, आणि बघत नाही म्हणून जेव्हा होतो तेव्हा उशिरा कळतो. सावळ्या-काळ्या लोकांमध्ये मेलानोमा कमी होतो पण सापडतो तो पुढच्या स्टेजला, म्हणून त्यातून वाचणाऱ्यांचं प्रमाणही कमी आहे. आणि तो होतो कुठे? तळपायाला, टाचेला, तळहाताला, नखाखाली. म्हणजे जिथे ऊन लागतच नाही तिथे. याला अ‍ॅक्रल मेलानोमा म्हणतात. टोपी आणि सनस्क्रीनने हा थांबत नाही, हा फक्त बघून सापडतो. बॉब मार्लीला झाला होता तो हाच, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली. १९७७ मध्ये तो डाग सगळ्यांना फुटबॉल खेळताना लागलेला मार वाटला, आणि १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

आमच्याकडे आलेल्या एका काकूंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव-नाव काही सांगत नाही. मुलाकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या, पायाला कुरूप झालंय म्हणून फार्मसीतून आणलेली कॉर्न कॅप लावत होत्या, आणि त्याआधी भारतात पण कोणीतरी तपासून कुरूप आहे असंच सांगितलेलं. सून दुसऱ्याच कामासाठी आलेली, सहज म्हणाली की यांचं कुरूप बरंच होत नाहीये, बघता का. मी मोजा काढला. टाचेच्या बाहेरच्या बाजूला भेगांच्या मधे एक डाग, एका बाजूने तपकिरी, दुसरीकडे काळा कुळकुळीत, कडा वेड्यावाकड्या. काकू म्हणाल्या, दुखत नाही गं, नुसतं दिसतं. डॉक्टरांनी डर्माटोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावलं. तळपायाच्या कातडीवर बारीक रेषा असतात, आपल्या शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या, आणि साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत उतरलेला दिसतो. काकूंच्या डागाचा रंग वरंब्यावर होता. वरंब्यावर रंग दिसला की डॉक्टर सावध होतात. बायोप्सी केली, मेलानोमा निघाला. काकूंना पहिला प्रश्न पडला तो हा, की मी तर कधी उन्हात पायच ठेवला नाही, मला कसा झाला. आणि मुलाला पडला तो पैशांचा, कारण व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, नाही.

हे वाचून प्रत्येक तिळाला घाबरू नका. आपल्या कातडीवर तीळ, लास, चामखीळ, वांग, सगळं असतं आणि त्यातलं जवळपास सगळं निरुपद्रवी असतं. नखांवर उभ्या तपकिरी रेघा आपल्यात कितीतरी जणांना असतात, त्या चार-पाच नखांवर वर्षानुवर्षं तशाच असतील तर काही नाही. पण एकाच नखावर नवीन रेघ आली, ती तीन मिलिमीटरपेक्षा रुंद झाली, किंवा तिचा काळा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर दाखवा. नेलपॉलिश आपल्या बायका काढतात आणि लगेच दुसरं लावतात, मधे एक दिवस नखं उघडी ठेवून बघा. मेंदी लावलेल्या पायावर तर काहीच दिसत नाही. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या, जोडवी सरकवून त्याच्या खालची कातडी, तळहात आणि नखं बघायला दोन मिनिटं लागतात. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी घरात कोणीतरी बघावं. आईबाबांचे पाय आपण वाढदिवसाला आणि दिवाळीला वाकून धरतोच, तेव्हा नुसतं धरू नका, वळवून खालून पण बघा.

दुसरी जागा म्हणजे जुने व्रण. आपल्यात स्टोव्हचा भडका, उकळतं तेल, लहानपणी भाजलेलं, याचे मोठे व्रण असलेल्या बायका किती आहेत. भाजल्याच्या जुन्या व्रणात वीस-तीस वर्षांनी जखम झाली आणि ती भरतच नाही, खपली धरते आणि निघते, कडा जाड होतात, तर तो कॅन्सर असू शकतो. सावळ्या कातडीत स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे स्किन कॅन्सरचा आणखी एक प्रकार, पुष्कळदा असा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी होतो. आपल्या मुंबईत टाटा मेमोरियलच्या लॅबमध्ये काम करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकाऱ्याबरोबर १९४५ मध्येच लिहून ठेवलंय की धोतर घट्ट बांधून कमरेवर सतत काचलं की तिथे कॅन्सर होतो. साडीखालच्या परकराच्या नाडीने कमरेला पडणारा काळा पट्टा, त्यातली खाज, त्यातली जखम, तेच. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांच्या केसेस मेडिकल जर्नलमध्ये मांडल्या. असं क्वचितच होतं. पण काचलेली जागा महिना-दीड महिन्यात भरली नाही तर हळद आणि बोरोलीन लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा. नाडी ढिली करा, नाहीतर इलॅस्टिकचा रुंद पट्टा वापरा.

आता परत उन्हाकडे येते, कारण मंडळाच्या हातात तेच आहे.

क्रिकेट. आपली टुर्नामेंट सकाळी नऊला सुरू होते आणि फायनल चार-पाचला. अकरा मॅचेस, दोन ग्राउंड, झाड एक सुद्धा नाही, आणि बसायला सगळ्या टीम्सनी आणलेल्या खुर्च्या उघड्यावर. कॉमेंटेटर रिची बेनॉ आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलेत. २०१४ मध्ये त्यांनी सांगितलं की कपाळावर आणि डोक्यावर स्किन कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, आणि हे पण सांगितलं की तरुणपणी मी टोपी घालत नव्हतो कारण माझा हिरो कीथ मिलर घालत नव्हता, आता मी सगळ्यांना सांगतो की डोकं झाका. २०१५ च्या एप्रिलमध्ये ते गेले. मायकल क्लार्कने स्वतःच्या चेहऱ्यावरून कितीतरी वेळा स्किन कॅन्सर काढून घेतलेत, २०२५ मध्ये नाकावरचा, आणि दर वेळी तो फोटो टाकून लोकांना तपासणी करा म्हणतो. हे दोघे गोरे, मान्य. पण आपल्या टीममधल्या मुलांचे डोळे बघा, तिशीतच बुबुळाकडे सरकणारा मांसाचा छोटा त्रिकोण दिसतो काहींच्या डोळ्यात, त्याला टेरिजियम म्हणतात, तो उन्हाने, वाऱ्याने, धुळीने होतो आणि त्यात कातडीचा रंग मदतीला येत नाही. मोतीबिंदूचं पण तसंच. कॅपने कान आणि मान झाकत नाहीत, फ्लॉपी हॅट घाला, आणि गॉगल स्टाईलसाठी कपाळावर ठेवू नका, डोळ्यावर ठेवा.

आणि स्टुडंट पोरं. दिवसभर बाइकवर फूड डिलिव्हरी करतात, वीकेंडला टुर्नामेंट खेळतात, हाफ टी-शर्ट आणि हेल्मेटखाली मान उघडी. त्यांना कोणी सांगत नाही. त्यांना मंडळात मेंबरशिप डिस्काउंट देता तसं दोन शब्द हे पण सांगा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. आपल्या घरात मुलीला उन्हातून आत बोलावतात ते ‘काळी होशील’ म्हणून. सनस्क्रीन लावतात ते उजळ दिसावं म्हणून. यामुळे मुली खेळ सोडतात, आणि मुलगे म्हणतात सनस्क्रीन बायकांचं. सहा-सात वर्षांची पोर मला क्लिनिकमध्ये विचारते की हे लावल्यावर मी गोरी होईन का, तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही. काळं होण्यात काही वाईट नाही. काळा रंग हे तिच्या शरीराने तिच्यासाठी केलेलं काम आहे. उन्हापासून जपायचं ते कातडी निरोगी राहावी म्हणून, मुलीला आणि मुलाला सारखंच. कृपा करून मंडळाच्या मेसेजमध्ये, स्टॉलवर, स्पॉन्सरच्या बॅनरवर गोरेपणाची क्रीमं येऊ देऊ नका. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड निघतं, कातडी पातळ होते आणि ऊन आणखी लागतं. वांग असलेल्यांनी मात्र सनस्क्रीन जरूर लावावं, आणि आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड घ्यावं, कारण वांग नुसत्या यूव्हीने नाही तर साध्या उजेडानेही गडद होतो.

सनस्क्रीनबद्दल सध्या बराच गोंधळ आहे. २०२५ मध्ये चॉइस या ग्राहक संस्थेने वीस सनस्क्रीन तपासली, त्यातली सोळा डब्यावरच्या एसपीएफइतकी भरली नाहीत, आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच फिरलं की सगळं फ्रॉड आहे, लावू नका. असं करू नका. कंपन्यांनी खोटं छापलं तर त्यांना धरलंच पाहिजे, मला पण राग आला. पण पन्नास लिहिलेलं तीस भरलं तरी ते उन्हाचा फार मोठा हिस्सा अडवतं. याच क्वीन्सलँडमध्ये, सनशाइन कोस्टजवळच्या नँबोर गावात १९९२ मध्ये १,६२१ लोकांवर ट्रायल सुरू झाली होती, अर्ध्यांना रोज सनस्क्रीन, बाकीच्यांनी त्यांच्या मर्जीने. साडेचार वर्षांत रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस सेल कॅन्सर सुमारे चाळीस टक्के कमी झाले, आणि ट्रायल संपल्यावर दहा वर्षांनी मेलानोमा मोजले तर रोज लावणाऱ्यांमध्ये अकरा आणि दुसऱ्या गटात बावीस. ते सनस्क्रीन एसपीएफ १६ चं होतं! आज मिळणारं त्याच्यापेक्षा बरंच चांगलं आहे. ही माणसं बहुतेक गोरी होती, त्यामुळे आपल्याला तेवढाच फायदा होईल असं मी म्हणणार नाही, पण सनस्क्रीन काम करतं की नाही हा प्रश्न त्यानंतर उरत नाही.

आपण लावतो मात्र फारच कमी. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला सात चमचे लागतं, साधे चहाचे चमचे, एकेका हाताला एक, एकेका पायाला एक, पुढून एक, पाठीला एक, आणि तोंड-मान-कान मिळून एक. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, आणि मग दर दोन तासांनी परत. पांढरं-राखाडी थर दिसतो म्हणून आपले लोक वाटाण्याएवढं घेऊन गालाला पुसतात. न दिसणारी जेलसारखी सनस्क्रीन मिळतात, ती घ्या. पण खरं सांगायचं तर सावली आणि कपडे आधी, सनस्क्रीन त्यानंतर.

आणि कपड्यांच्या बाबतीत संक्रांत आपल्या मदतीला आहे. काळा, घट्ट विणीचा कपडा पांढऱ्या विरळ कॉटनपेक्षा यूव्ही जास्त अडवतो. तिकडे थंडी म्हणून काळं नेसायचो, इथे ऐन उन्हाळ्यात गरम होतं म्हणून बऱ्याच जणींनी काळी साडी सोडून स्लीव्हलेस काळे टॉप घेतलेत. जमलं तर बाह्या ठेवा. बोरन्हाणाचं मात्र हात जोडून सांगते. वर्षा-दीड वर्षाचं बाळ, काळं झबलं, हलव्याचे दागिने, पार्कमध्ये चादरीवर भर बारा वाजता उन्हात बसवलेलं, आणि भोवती सगळे मोबाईल घेऊन उभे, हे मी पाहिलंय. बाळांची कातडी पातळ असते. वर्षाच्या आतल्या बाळाला यूव्ही तीनच्या वर असताना थेट उन्हात आणूच नका, आणि सहा महिन्यांच्या आतल्याला सनस्क्रीनच्या भरवशावर तर नाहीच. बोरन्हाण आत हॉलमध्ये करा नाहीतर दाट झाडाखाली संध्याकाळी.

व्हिटॅमिन डी चं काय, हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. सावळ्या कातडीला डी बनवायला जास्त ऊन लागतं, आणि ऑफिसात बसणाऱ्या आपल्या लोकांमध्ये डी कमी निघणं नेहमीचं आहे, मेलबर्न-होबार्टकडे हिवाळ्यात तर फारच. म्हणूनच अलीकडे ऑस्ट्रेलियातल्या संस्थांनी एकत्र येऊन जो सल्ला दिलाय त्यात सगळ्यांना एकच नियम नाही, कातडी आणि धोका बघून तीन गट केलेत. गडद कातडीच्या आणि कमी धोका असलेल्या माणसाने घराबाहेर पडायला घाबरू नये, उलट थोडा वेळ बाहेर घालवावा, आणि लांब वेळ उन्हात राहायचं असेल तर जपावं. दुपारी कपडे वाळत घालायला, बस स्टॉपपर्यंत चालायला काही हरकत नाही. मी बोलतेय ते जानेवारीत चार-पाच तास उघड्यावर बसायच्या कार्यक्रमाबद्दल. डी कमी आहे का ते जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, ब्लड टेस्टने कळतं, गोळी मिळते. पिकनिकला अंग भाजून घेऊन ते भरून काढायची गरज नाही.

तर बाकीच्या मागण्या. प्रत्येक फ्लायरवर तारीख-वेळ-पार्किंगच्या खाली एक ओळ टाका, टोपी, गॉगल, पाण्याची बाटली आणा, मराठीत लिहा म्हणजे आजीआजोबा पण वाचतील. पार्क बुक करताना शेल्टर शेड असलेलाच घ्या, नसेल तर गझिबो मागवा, ढोल-ताशाच्या पथकालाही, कारण सप्टेंबरच्या मिरवणुकीला ब्रिस्बेनचा यूव्ही दुपारी आठच्या आसपास असतो आणि वादक दोन-दोन तास रस्त्यावर असतात. रजिस्ट्रेशन टेबलावर अत्तर-गुलाबपाण्याशेजारी सनस्क्रीनचा मोठा पंप ठेवा. मुलांच्या रेसेस पहिल्या घ्या, शाळेचाच नियम लावा, टोपी नाही तर रेस नाही, मुलं कुरकुर सुद्धा करणार नाहीत, त्यांना सवय आहे.

आणि हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या नकोत, प्रत्येकीच्या घरी त्या पडून आहेत. रुंद काठाच्या कापडी टोप्या द्या. बल्कमध्ये घेतल्या तर फार महाग पडत नाहीत, मंडळाचा लोगो पण छापता येईल, आणि मग पुढच्या पिकनिकला कोणी टोपी विसरलो म्हणणार नाही.

जेष्ठांच्या गटाची जी महिन्याची बैठक असते तिथे मला वीस मिनिटं द्या. मी तळपाय आणि नखं कशी बघायची ते दाखवेन, कुठले डाग साधे आणि कुठले दाखवायचे त्याचे फोटो आणेन, मराठीत. निदान मी करणार नाही, ते डॉक्टरांचं काम, पण शंका आली तर कोणाकडे जायचं आणि काय विचारायचं ते सांगेन, कारण आपल्यातल्या काहींना आधी ‘तुमच्या स्किनला असं होत नाही’ म्हणून परत पाठवलेलं आहे, आणि तेव्हा ‘डर्माटोस्कोपने बघता का’ एवढं एक वाक्य म्हणता आलं पाहिजे. ज्यांचे आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येणार आहेत त्यांनी विमानात बसायच्या आधी तिकडेच पाय, पाठ, नखं, जुने व्रण एकदा डॉक्टरला दाखवून घ्यायला सांगा, तिकडे ते सोपं आणि स्वस्त पडतं.

ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट, सनशाइन कोस्ट, टुवुंबा इथे मी स्वतः येईन, शनिवार-रविवार कुठलाही. सिडनी, मेलबर्न, अ‍ॅडलेड, पर्थवाल्यांसाठी झूमवर घेऊ, तुमच्याकडच्या मराठी डॉक्टर-नर्स मंडळींनाही बोलवा, ते माझ्याहून चांगलं सांगतील. कॅलेंडरची मीटिंग कधी आहे तेवढं कळवा आणि पिकनिकची वेळ त्या दिवशीच्या अजेंड्यावर घ्या.

तुमची,
मंडळाची एक मेंबर, ब्रिस्बेन